बटणावरचा अंगठा

“वैनी, तुमची ही पिवळी डबी तेवढी राहिली की हो पुजायची!”

बाळगोंडामामा पॅनलरूमच्या दाराशी उभे होते. एका हातात पूजेचं ताट, दुसऱ्या हातावर कोपरापर्यंत झेंडूच्या माळा. खंडेनवमी होती. हातकणंगल्याजवळच्या त्या सूतगिरणीत सकाळपासून एकेका यंत्राला पुसून, हळदकुंकू लावून, माळ घालायचं काम चाललं होतं, आणि सगळं मामांच्या हातानं. गिरणीतले सगळ्यात जुने फिटर ते. पान्यांना, पकडींना, वजनकाट्याला, एवढंच काय, मॅनेजरच्या कॅल्क्युलेटरलासुद्धा त्यांनी कुंकू लावलं होतं.

“मामा, त्या डबीला हात लावायचा नाही हां,” मी म्हणाले. “माळसुद्धा नको.”

“आवं, पण सगळ्यांना लावलंय. ही एकटीच मोकळी बरी दिसंल का?”

“दिसू दे. तिचा नवस वेगळाय.”

मामा हसले आणि ताट सावरत पुढच्या खात्याकडं गेले. मीही हसले. त्या दिवसातलं माझं शेवटचं हसू तेवढंच.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. माझी धाकटी तेव्हा बालवाडीत जायची, आता तिची मुलगी जाते. पण भोंगा म्हटलं की आजही माझा उजवा अंगठा आपोआप ताठ होतो. लग्नाच्या वरातीत कुणी भोंगा वाजवला तरी.

आमचा धंदा लोकांना समजावून सांगावा लागतो. गिरणीच्या पॅनलरूममधून सगळ्या यंत्रांना वीज जाते. तिथं आग लागली तर पाणी मारून चालत नाही, म्हणून गॅस सोडतात. इमारतीच्या मागच्या बाजूला माणसाच्या उंचीच्या नळकांड्यांची रांग, तिथून छतापर्यंत पाइप. आम्ही करायचो ते मधलं काम. धूर ओळखणारी यंत्रं छताला बसवायची, भोंगा बसवायचा, सगळ्यांच्या वायरी लोखंडी पाइपातून ओढत दाराबाहेरच्या कंट्रोल पॅनलपर्यंत आणायच्या आणि तिथून नळकांड्यांच्या व्हॉल्व्हपर्यंत न्यायच्या. हा गॅस खोलीतली हवाच हाकलून देतो. आग विझते, आणि आत माणूस असेल तर तोही. दोनचार श्वास, की संपलं.

म्हणून गॅस सुटायच्या आधी अर्धं मिनिट भोंगा वाजतो. आत जो असेल त्यानं पळ काढायचा. दाराबाहेर ती पिवळी डबी असते. झाकण उचलून आतली काच अंगठ्यानं दाबली की काच मोडते आणि गॅस सोडायचा हुकूम जातो. आणि दाराच्या आतल्या अंगाला असतं एक हिरवं बटण. ते दाबून धरलं की मोजणी थांबते. पण धरलंय तेवढंच. अंगठा उचलला की राहिलेली मोजणी पुढं सुरू.

माझा नवरा रणजित असल्याच एका खोलीत गेला. रंगाच्या एका कारखान्यात काम संपत आलं होतं, पॅनल अचानक चालू झालं, आणि तो आत राहिला. मला सांगितलं गेलं ते एवढंच. आबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा त्याच्या बरोबर होते. त्यांनी त्याला बाहेर ओढून काढलं, पण उशीर झाला होता.

तेराव्यानंतर आबा मला म्हणाले, “तू आयटीआय केलंयस. घरात बसून काय करतीस? चल माझ्याबरोबर.” भावकीनं नाकं मुरडली. सून शिडीवर चढणार आणि सासरा खाली शिडी धरणार, हे काय चाललंय म्हणून. आबांनी कुणाला भीक घातली नाही. मला धंदा शिकवला, दोन पोरांचं दूध, दप्तर, सगळं बघितलं. आणि एक नियम घातला. जो आत जाईल त्यानं पॅनलची किल्ली स्वतःच्या खिशात घेऊन जायची. म्हणजे त्याच्या पाठीमागं कुणाला काही चालू करता येणार नाही. शिवाय आत जायचं ते आबांनीच. मला कधी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या कंत्राटदारांची माणसंसुद्धा म्हणायची, नियम असावा तर आबा चौगुल्यांसारखा.

तर त्या खंडेनवमीला काम खरं म्हणजे संपलं होतं. आदल्या दिवशी तपासनीस साहेब येऊन नळकांड्यांच्या व्हॉल्व्हला शिशाची मोहोर मारून गेले होते. संध्याकाळी उद्घाटन. आणि सकाळी पॅनलवर पिवळा दिवा लुकलुकायला लागला. आतल्या कुठल्यातरी वायरीचा सांधा ढिला झाला होता.

“केबलच्या चरातला असणार,” आबा म्हणाले. “परवा तिथं गवंड्यानं पाय दिलाय.”

“आबा, व्हॉल्व्ह काढून ठेवू का आधी?”

“मोहोर तुटंल. साहेब परत कधी यायचे? किल्ली हाय की माझ्याजवळ.”

“मग पॅनल बंद तरी करा.”

“बंद केलं तर दिवा गेला का न्हाई ते तुला कसं कळंल? मॅन्युअलवर ठेवतो. आता धूर झाला तरी गॅस सुटणार न्हाई, डबी दाबली तरच.” त्यांनी किल्ली फिरवली, काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. “तू दिव्याकडं बघ. गेला की हाक मार.”

खोली लांबलचक. दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटांसारखी पॅनलं, आणि पार टोकाला जमिनीत खोदलेला केबलचा चर. आबा तिकडं गेले, हातातली बॅटरी तोंडात धरली आणि चरात उतरले. मला त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. मग तेही खाली गेलं. त्यांचं वय झालं होतं, गुडघे कुरकुरायचे. मला ते आत गेले की कधीच बरं वाटायचं नाही. त्या दिवशीही नव्हतं वाटत. मी दिव्याकडं बघत राहिले.

मामा कधी परत आले ते मला कळलंच नाही. मी पॅनलसमोर, ते दाराच्या पलीकडच्या बाजूला.

“काय वैनी, सणाच्या दिवशी ह्या एकाच लेकराला उपाशी ठेवताय,” असं म्हणत त्यांनी डबीचं झाकण उचललं. झाकणाला कुंकू लावून काय उपयोग, देवाला लावायला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. अनामिकेनं लावलं असतं तरी निभावलं असतं. पण मामांचं सगळंच भक्कम. हळदीकुंकवात बुडवलेला अंगठा त्यांनी काचेच्या बरोबर मधोमध टेकवला आणि यंत्रांना लावतात तसा दाबून वर ओढला.

कट्.

बारीकसा आवाज. मी वळून बघितलं, आणि तेवढ्यात भोंगा सुरू झाला.

“मामा! अहो काय केलंत!”

मामा ताट धरून जागच्या जागी थिजले. मी दारातनं आत ओरडले, “आबा! बाहेर या! आबा, पळा!” भोंगा माझ्याच डोक्यावर वाजत होता. माझा आवाज मलाच ऐकू येईना. चरातनं आबांचं डोकं वर आलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हात हलवले. आणि देवाशपथ सांगते, ते डोकं परत खाली गेलं.

त्यांना टेस्ट वाटली! आठवडाभर आम्ही भोंगा वाजवून बघत होतो. आजही संजू, म्हणजे मी, बाहेरून वाजवतीय, असंच वाटलं असणार त्यांना.

पॅनल बंद करावं तर किल्ली आबांच्या खिशात. पॅनलची पेटी उघडावी तर कुलूप, आणि आत बॅटरी, म्हणजे लाइट घालवूनही उपयोग नाही. वायर तोडावी तर सगळ्या वायरी लोखंडी पाइपात, माझ्याच हातानं ओढलेल्या. नळकांडी इमारतीला वळसा घालून पार मागं. आणि धावत आत जाऊन आबांना ओढून काढायचं, तर त्या जड माणसाला चरातनं वर घ्यायला अर्धं मिनिट कुठं पुरणार? त्यातलं बरंचसं संपलंही होतं. हे सगळं मी विचार करून ठरवलं असं नाही. मी आत उडी घेतली आणि हिरव्या बटणावर अंगठा दाबला.

भोंग्याचा आवाज बदलला. सलग होता तो तुटक झाला. पीं, पीं, पीं. म्हणजे मोजणी थांबली. किती राहिली होती कोण जाणे. पाच आकडे असतील, दोन असतील.

“आबा!”

चरातनं काही हालचाल नाही.

“मामा, इकडं या! आत या!”

“वैनी, माझ्या हातनं काय झालं ओ? आग लागली काय?”

“काही लागलेलं नाही. इकडं या. हे बटण धरा. मी आबांना आणते.”

मामा उंबऱ्यावर येऊन थांबले. दारावर मीच लावलेली पाटी होती, कवटीचं चित्र असलेली. त्यांची नजर तिच्यावर गेली. “सोडलं तर काय होतंय?”

खोटं बोलवेना. “सोडलं तर गॅस येतो. आपण सगळे मरू. म्हणून सोडायचं नाही.”

तरी मामा आत आले, ते मला कबूल केलं पाहिजे. दुसरा कुणी असता तर पळाला असता. मी म्हटलं, “माझ्या अंगठ्यावर अंगठा ठेवा. दाबा. मी खालनं माझा काढून घेते.” त्यांनी अंगठा ठेवला. तो हळदीकुंकवानं आणि तेलानं माखलेला, आणि हात असा थरथरत होता की माझाच अंगठा बटणावरनं सरकायला लागला.

“नको, नको, काढा! मामा, हात काढा!”

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मी डाव्या हातानं उजवा अंगठा दाबून धरला. घामानं बटण निसरडं झालेलं. खांद्यापर्यंत कळ यायला लागली. पोरांचे चेहरे डोळ्यांपुढं आले. सकाळी धाकटी म्हणाली होती, आई, पाटीपूजनाला पाटीवरची सरस्वती तूच काढून दे. आणि मी म्हटलं होतं, आबा काढतील, त्यांचा हात चांगलाय. बाप गेलेला, आता आजा चरात आणि आई बटणावर. दार माझ्या पाठीशी उघडं होतं. मागं पाय टाकला की मी बाहेर. पण मग आबा आत.

“तुम्ही बाहेर जा मामा. कुणालातरी बोलवा,” मी म्हणाले. मामा बाहेर गेले आणि काय बोलवायचं ते न सुचून तिथंच मोठमोठ्यानं रडायला लागले.

मी शेवटचं ओरडले. रागानं ओरडले. “आबा, मी बटण सोडणार नाही! ऐकताय का? मी इथनं हलणार नाही!”

आणि मग ते वर आले.

आधी दोन्ही हात चराच्या काठावर, मग डोकं, मग गुडघा. धडपडत, धापा टाकत, पण थेट माझ्याकडं बघत. त्यांच्या चेहऱ्यावर टेस्ट वाटलेल्या माणसाची चिडचिड नव्हती. त्या लांब खोलीत ते पळत आले. मी आबांना पळताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. माझ्या शेजारून बाहेर गेले, खिशातनं किल्ली काढली, हातातनं निसटली, परत उचलली, पॅनलला लावली आणि फिरवली.

भोंगा थांबला.

“सोड,” आबा म्हणाले.

मला सोडता येईना. अंगठा वळतच नव्हता. त्यांनी आत येऊन माझी बोटं एकेक करून उचलली आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं.

मामा पाया पडायला लागले. आबांनी त्यांना उठवलं, म्हणाले, “तुमचं काही चुकलं न्हाई, बाळगोंडा. पूजाच केलीसा तुम्ही. जावा, आमच्यासाठी चहा सांगून या.” मामा डोळे पुसत गेले. आम्ही दोघं पॅनलखाली भिंतीला टेकून बसलो.

जरा श्वास आल्यावर मी विचारलं, “भोंगा ऐकू आला नाही का तुम्हाला?”

“आला की.”

“टेस्ट वाटली ना?”

आबा म्हणाले, “टेस्टच्या आधी तू हाक मारून सांगतीस. आज सांगितलं न्हाईस. आणि तू हात हलवत होतीस ते दिसलं मला.”

“मग खाली कशाला बसलात?”

“बसलो.”

“आबा!”

“ठरवून गेलो नव्हतो, पोरी. भोंगा झाला, आधी घाबरलो. मग वाटलं, असंच व्हायला पाहिजे होतं माझं. हितंच, असंच. मग पायच उचलंना.” त्यांनी मुठीतली किल्ली उघडून बघितली. “त्या दिवशी पॅनल आपोआप चालू झालं नव्हतं. किल्ली मी फिरवली होती. रणजितचा डबा बाहेर होता, चपला बाहेर होत्या. मला वाटलं, तो बाहेर आलाय. टेस्टचा धूर अजून आतच होता, पॅनलला ती आग वाटली, आणि भोंगा जोडायचा राहिला होता. मी हाक मारून बघितलं न्हाई. नुस्ती एक हाक.”

इतकी वर्षं मी त्या पॅनलला शिव्या घातल्या होत्या. कंपनीला घातल्या, नशिबाला घातल्या. आणि ज्या माणसाच्या ताटात मी रोज गरम भाकरी वाढत होते, तो हे पोटात घेऊन जेवत होता. नियम कशासाठी होता, मला कधी आत का जाऊ दिलं नाही, सगळं एका झटक्यात कळलं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. खरंच वाटला.

“मग वर तरी कशाला आलात?” मी विचारलं.

“भोंग्याचा आवाज तुटक झाला. म्हणजे बटण कुणीतरी दाबलंय. बटण दाराच्या आत. म्हणजे तू आत. आणि तू सोडणार न्हाईस, हे मला ठाऊक होतं. मी तिथं बसून राहिलो असतो तर तूबी माझ्याच हातनं...”

मी उठून उभी राहिले. आवाज चांगला खणखणीत निघाला.

“आबा, ऐका. माझ्या पोरांचा बाप तुमच्या हातून गेला ना? मग तुम्हाला मरायची मुभा नाही. सुटायचं बघत होता होय? पोरं मोठी करायची, त्यांची लग्नं करायची, मग काय ते बघू. आणा ती किल्ली इकडं.”

त्यांनी दिली. तेवढ्यात मामा चहा घेऊन आले. कपांच्या कानांनाही कुंकू लागलं होतं. आम्ही तो गुमान प्यालो, नवी काच घातली, चरातला सांधा मी स्वतः उतरून घट्ट केला, आणि संध्याकाळी उद्घाटन थाटात झालं. घरी गेल्यावर आबांनी धाकटीच्या पाटीवर सरस्वती काढून दिली. त्या रेषा थोड्या वाकड्या आल्या.

मी त्यांना माफ केलं का, हे मला आजही सांगता यायचं नाही. पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. ताट वाढायचे, पण आदळून. ते खाली मान घालून जेवायचे. मग कराडला नवं काम लागलं. आत जायची वेळ आली. किल्ली माझ्याकडं. आबा दारात थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “संजू, बटणावर हाईस ना?”

मी आत जाऊन हिरव्या बटणाशी उभी राहिले. “आहे, जा.”

तेव्हापासून तोच आमचा नियम झाला. एकजण कामाला, दुसरा बटणावर. प्रत्येक खोलीत, प्रत्येक वेळी त्यांनी विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं. पोरं शिकली. थोरल्याचं लग्न झालं, मग धाकटीचं. तिच्या पाठवणीला आबा माझ्यापेक्षा जास्त रडले.

तिला लेक झाली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटी शेवटी माणसं ओळखेनात. पण ग्लानीतनं जागे झाले की हात चाचपायचे आणि विचारायचे, “संजू, बटणावर हाईस ना?” मी त्यांचा हात धरून म्हणायचे, “आहे आबा.” मग त्यांना झोप लागायची.

एका दुपारी त्यांचा श्वास घरघरायला लागला. डोळे उघडले, आणि परत तेच विचारलं. धाकटी शेजारी बसली होती, तिची लेक मांडीवर. मी आबांचा हात घट्ट धरला होता. अंगठ्यात तीच जुनी कळ आली.

“आहे आबा,” मी म्हटलं. “पण पोरं मोठी झाली आता. तुम्हाला मुभा आहे. मी सोडते.”

आणि मी हात सोडला.